म्हातारपण नसलेला क्षय

इंग्रजीतला ‘डिके’ हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याच्या मुळाशी खाली पडण्याची, गळून पडण्याची कल्पना आहे. आज तो दातांच्या किडीला वापरतात, ओल खाल्लेल्या लाकडाला वापरतात, पडक्या वाड्यांना आणि उतरणीला लागलेल्या साम्राज्यांनाही वापरतात. या सगळ्या वापरांत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. झीज साठत जाते. कालची झीज आजच्या झिजेत मिळते, आजची उद्याच्या, आणि वस्तू जितकी जुनी तितकी ती शेवटाच्या जवळ आलेली असते. आपल्याकडे लोखंड गंजते, कापड विरते, उंबरा झिजतो, लाकूड किडते. शब्द वेगवेगळे, पण साठत जाणे सगळ्यांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भौतिकशास्त्राने हाच शब्द किरणोत्सारी अणूंना लावला आणि मराठीने त्यासाठी ‘क्षय’ हा प्रतिशब्द घेतला. या प्रकरणात सांगायचे आहे ते असे की किरणोत्सारी क्षयात काहीही साठत नाही. अणू झिजत नाही, जुना होत नाही, शेवटाकडे सरकतही नाही. हळूहळू घडते ते फक्त ढिगाच्या बाबतीत. ही निव्वळ शब्दांची काथ्याकूट नव्हे. अणूंना म्हातारपण असते, तर इनामगावच्या उत्खननातल्या कोळशावरून तिथल्या वस्तीचा काळ काढणे इतके सरळ राहिले नसते.

शब्द चिकटला कसा, ते आधी पाहू. 1900 मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात होता. थोरियममधून एक किरणोत्सारी वायू निघतो आणि त्याची तीव्रता साधारण दर मिनिटाला निम्मी होते, हे त्याने नोंदवले. पुढच्या वर्षी फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनज्ञ त्याच्या सोबतीला आला. दोघांनी थोरियम नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालून थोरियम खाली बसवले. गंमत अशी, की किरणोत्साराचा मोठा भाग थोरियमबरोबर खाली न बसता वर उरलेल्या द्रवात सापडला. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘थोरियम एक्स’ म्हटले आणि 1901 च्या नाताळच्या सुटीवर गेले. सुमारे तीन आठवड्यांनी परतले तेव्हा थोरियम एक्स निस्तेज झालेले होते आणि थोरियमने आपली गमावलेली तीव्रता पुरती परत मिळवली होती. मग दोघांनी रोजच्या रोज मोजणी केली. साधारण चार दिवसांत थोरियम एक्सची तीव्रता निम्मी होत होती आणि तितक्याच वेळात थोरियमची निम्मी भरून येत होती. एक मूलद्रव्य मोडून दुसरे तयार होते, असा निष्कर्ष 1902 मध्ये त्यांनी मांडला. त्या काळी हे धाडसच होते, कारण मूलद्रव्य बदलण्याची भाषा किमयागारांची मानली जाई. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्यांनी ‘डिके’ हा शब्द आधी वापरला तो तीव्रतेसाठी. तीव्रता खरोखरच हळूहळू उतरते, त्यामुळे तिथे तो अगदी चपखल होता. पुढे तो तीव्रतेवरून अणूवर घसरला, ‘अणुकेंद्राचा क्षय होतो’ अशी वाक्ये रूढ झाली, आणि त्या घसरणीत नकळत म्हातारपणही अणूच्या माथी आले.

आता त्या उताराकडेच नीट पाहू, कारण सगळा पुरावा तिथे आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने 1825 मध्ये माणसांच्या मृत्यूंचे आकडे तपासले. प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते, असे त्याला दिसले. आजच्या आकड्यांत हा काळ साधारण आठ वर्षांचा येतो. म्हणूनच एकाच दिवशी जन्मलेल्या हजार माणसांचा आलेख काढला तर तो बरीच वर्षे जवळजवळ सपाट राहतो आणि मग कडा तुटल्यासारखा खाली येतो. म्हातारपण असलेल्या समूहाची हीच खूण. थोरियम एक्सचा आलेख याच्या अगदी उलट आहे. त्यात सपाट भाग नाहीच. सर्वांत मोठी घट पहिल्याच दिवसांत होते. पुढे आकडे लहान होत जातात, पण प्रमाण तेच राहते. चार दिवसांत उरलेल्याचे अर्धे, पुढच्या चार दिवसांत त्या उरलेल्याचे अर्धे. एखाद्या टपरीवरच्या काचेच्या ग्लासांचे असेच होते. ग्लास वापरून झिजत नाहीत, हातातून निसटून फुटतात, आणि पाच वर्षे टिकलेला ग्लास कालच आणलेल्या ग्लासापेक्षा आज निसटण्याची शक्यता जास्त नसते. अणूंच्या बाबतीत तर निसटायला हातही लागत नाही.

यावर एक रास्त शंका निघते. वेगळे काढलेले थोरियम एक्स हे एकाच क्षणी जन्मलेल्या अणूंचे नसते. थोरियममध्ये ते सतत तयार होत असते, म्हणजे काढलेल्या नमुन्यात नवे-जुने सगळे अणू एकत्र आहेत. गावातली सगळी माणसे एकदम मोजली तर रोज थोडी मरताना दिसतीलच. मग त्यावरून माणसाला म्हातारपण नाही असे म्हणायचे का? शंका चांगली आहे, पण टिकत नाही. नमुना वेगळा काढल्यावर त्यात नवी भर थांबते. त्या गावात जन्मच थांबले, तर दर वर्षी उरलेल्यांचे सरासरी वय वाढत जाईल, मृत्यूचे प्रमाण चढत जाईल आणि आलेख शेवटी शेवटी कोसळेल. थोरियम एक्सचा आलेख असा कोसळत नाही. पहिल्या चार दिवसांत जे प्रमाण, तेच तीन आठवड्यांनीही. उरलेले अणू काढल्या दिवशी होते तितकेच ताजे आहेत, असाच याचा अर्थ लागतो.

एगॉन फॉन श्वाइडलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1905 मध्ये याचे सरळ तात्पर्य सांगितले. प्रत्येक अणूला दर क्षणी फुटण्याची एक ठरावीक शक्यता असते, आणि ती त्याच्या वयावर अवलंबून नसते. त्यातून एक पडताळा निघत होता. अणू असे स्वतंत्रपणे, योगायोगाने फुटत असतील तर मोजणी कधीच एकसारखी येणार नाही, तिच्यात चढउतार दिसतील, आणि त्या चढउतारांचे गणित आधीच मांडता येईल. 1910 मध्ये रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी मँचेस्टरला हे पाहिले. पोलोनियममधून निघणारा आल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी चमक उठते. अंधारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस चमक दिसताच विजेची कळ दाबी आणि सरकत्या पट्टीवर खूण उमटे. असे 10,097 कण नोंदले गेले. मग पट्टीचे साडेसात सेकंदांचे 2,608 तुकडे पाडून प्रत्येकात किती खुणा आल्या ते मोजले. सरासरी एका तुकड्यात चारपेक्षा किंचित कमी होती. पण 57 तुकड्यांत एकही चमक नव्हती, आणि एकात तर चौदा होत्या. निव्वळ योगायोगाचे गणित सांगत होते की रिकामे तुकडे 54 यावेत. तीन खुणांचे 525 यावेत असे गणिताने सांगितले होते, ते 525 च आले. एका अणूच्या फुटण्याची दुसऱ्याला खबर नसते, आणि इतका वेळ कोणी फुटले नाही म्हणून आता फुटण्याची पाळी आली, असेही काही नसते.

तरीही मन एवढ्यावर मानत नाही. प्रत्येक अणूच्या पोटात एखादे लपलेले घड्याळ असेल, प्रत्येकाला जन्मतःच वेगळी मुदत मिळालेली असेल, आणि आपल्याला ती वाचता येत नाही म्हणून आपण योगायोग म्हणत असू, असे वाटते. नशीब लिहिलेले असते असे मानणाऱ्या समाजात हे वाटणे आणखी सोपे. पण मुदती जन्मतः कशाही वाटल्या, तरी वाटप सगळीकडे हुबेहूब सारखे का, याचे उत्तर द्यावे लागते. विलर्ड लिबीने 1949 मध्ये कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारावरून, म्हणजे कार्बन-14 वरून, वय काढण्याची पद्धत मांडली. तेव्हा तिची परीक्षा त्याने इजिप्तच्या राजा जोसेरच्या थडग्यातल्या लाकडासारख्या, वय माहीत असलेल्या वस्तूंवर घेतली. त्या लाकडातले कार्बन-14 चे अणू वातावरणात साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घडलेले होते. याउलट कार्बन-14 किती वेगाने उतरतो, हे प्रयोगशाळेत अणुभट्टीत नुकत्याच बनवलेल्या अणूंवर मोजतात. जुने अणू आणि नवे अणू एकाच दराने फुटतात म्हणूनच दोन्हींचा मेळ बसतो. दूरचा पुरावा हवा असेल तर आकाशात आहे. 1987 च्या फेब्रुवारीत शेजारच्या मॅजेलनी मेघात एक तारा फुटला. त्याचा प्रकाश इथे पोचायला दीड लाखांहून अधिक वर्षे लागली होती. स्फोटानंतर काही महिन्यांनी त्याचे तेज ज्या उताराने मंदावू लागले, तो उतार कोबाल्ट-56 चा होता, दर 77 दिवसांनी निम्मा. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत या कोबाल्टचा उतार तेवढाच भरतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे. अणू झिजत नसेल, पण त्याच्यावर बाहेरून परिणाम होत नाही हे कशावरून? उष्णता, दाब, रासायनिक संयोग यांनी उतार बदलत नाही असे शाळेत शिकवतात. जवळजवळ सगळ्या ठिकाणी ते खरे आहे, कारण या गोष्टी अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचतात, केंद्रापर्यंत नाही. पण जिथे फुटण्याच्या क्रियेतच इलेक्ट्रॉनांचा हात असतो, तिथे अपवाद निघतात, आणि त्यातला एक तर थक्क करणारा आहे. रेनियम-187 निम्मे व्हायला सुमारे 4,200 कोटी वर्षे लागतात. जर्मनीत डार्मश्टाटला 1996 मध्ये त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून उघडे केंद्र यंत्रात फिरवत ठेवले, तेव्हा तोच काळ सुमारे 33 वर्षांवर आला. एवढा मोठा फरक पडतो हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण याने काय सिद्ध होते ते पाहा. परिस्थिती बदलली की फुटण्याची शक्यता बदलते. शक्यता साठत जाते, असे मात्र यातून निघत नाही. उघडे रेनियमही आपल्या नव्या दराने, वयाचा हिशोब न ठेवताच, निम्मे निम्मे होत राहते. आणि असे उघडे रेनियम पृथ्वीवरच्या खडकांत सापडत नाही, तेव्हा भूवैज्ञानिकांच्या कालगणनेलाही धक्का लागत नाही.

अणूला वय का नसावे, याचे उत्तर 1928 मध्ये मिळाले. जॉर्ज गॅमॉव्हने, आणि स्वतंत्रपणे रोनल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, नव्या पुंजयामिकीने आल्फा कणाचे गणित मांडले. केंद्रातला कण एका उंच भिंतीने अडवलेला असतो. ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी नसते, तरीही भिंतीपलीकडे सापडण्याची अत्यल्प शक्यता पुंजयामिकी त्याला देते. भिंतीला तडा जात नाही, ती पातळ होत नाही, आणि आजवरचे निष्फळ प्रयत्न कुठे जमा होत नाहीत. भिंतीची उंची व जाडी थोडी बदलली की शक्यता प्रचंड बदलते, म्हणूनच एक केंद्र क्षणार्धात फुटते आणि युरेनियम-238 चे निम्मे व्हायला 447 कोटी वर्षे लागतात. या गणिताला एक पुरवणी जोडावी लागते. अगदी सुरुवातीच्या सूक्ष्म क्षणांत उतार थोडा वेगळा असतो असे सिद्धांत सांगतो, आणि 1997 मध्ये टेक्सासला अतिशीत सोडियम अणूंवर ते दिसलेही. पण थोरियम किंवा कार्बनच्या बाबतीत तो काळ इतका अल्प आहे की मोजणाऱ्याच्या गावीही तो नसतो. अमुक एक अणू याच क्षणी का फुटला, या प्रश्नाला मात्र हे गणित उत्तर देत नाही. अनेकांना ही उणीव वाटते. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. जिथे कारण साठत नाही, तिथे ‘आत्ताच का’ याला धरायला जागाच उरत नाही.

आता इनामगावकडे येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिचा काळ साधारण इसवी सनपूर्व 1600 ते 700 मानतात. मधला, सुबत्तेचा भाग पूर्व-जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे इसवी सनपूर्व 1400 ते 1000 चा. त्या काळाच्या आरंभीच्या चुलीतला कोळसा हाती आला असे समजा. जिवंत झाडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-14 चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात, आणि त्यातले मिनिटाला जेमतेम चौदा फुटतात. 3,400 वर्षांनी अणू दोन-तृतीयांश उरतील, आणि फुटण्याची संख्याही मिनिटाला नवाच्या आसपास येईल. ती चोवीस तास मोजली तर सुमारे तेरा हजार नोंदी होतील. पण योगायोगाच्या मोजणीत तेरा हजारांना शंभर-सव्वाशेचा खालीवरपणा जन्मजात असतो, आणि तो वयात मांडला तर सत्तरेक वर्षांचा होतो. कालनिर्णयाच्या प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणेचे चिन्ह येते, त्यात प्रयोगशाळेचा गलथानपणा शोधू नये. ही अनिश्चितता रदरफर्डच्या पट्टीवरच्या रिकाम्या तुकड्यांची आहे. दुप्पट अचूकता हवी तर चौपट मोजावे लागते. आणि तरीही उत्तर मिळते, ते अणूंना वय नसल्यामुळेच. त्यांना म्हातारपण असते, तर कोळशातले अणू वातावरणात किती आधी घडले होते, झाडाने ते कधी ओढून घेतले, यावर त्यांचा आजचा दर अवलंबून राहिला असता, आणि तो इतिहास आपल्याला कुठूनच कळला नसता.

‘मग कार्बनची तारीख पुढे दुरुस्त का करावी लागते?’ असे लोक विचारतात, आणि घड्याळच बिघडले असणार असे परस्पर ठरवून टाकतात. दुरुस्ती करतात हे खरेच आहे. झाडांच्या वर्षवलयांशी ताडून पाहिल्यावर हान्स झ्यूस वगैरेंच्या लक्षात आले की जुन्या काळच्या तारखा शेकडो वर्षांनी सरकतात. पण सरकण्याचे कारण सुरुवातीच्या साठ्यात आहे, उतारात नाही. वातावरणातले कार्बन-14 सगळ्या शतकांत सारखे नव्हते. कोळसा-तेल जाळून आपण ते पातळ केले, आणि अणुबाँबच्या चाचण्यांनी 1960 च्या दशकात उत्तर गोलार्धात ते जवळजवळ दुप्पट केले. टाकी किती भरलेली होती हे नीट माहीत नसेल, तर तोटीला दोष देण्यात अर्थ नाही.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. निम्मे होण्याच्या काळाला मराठीत ‘अर्धायुष्य’ ही संज्ञा रुळली आहे, आणि तिच्यात आयुष्य आल्यामुळे एक चूक पाठोपाठ येते. कार्बन-14 चे अर्धे आयुष्य 5,730 वर्षे, म्हणजे पूर्ण आयुष्य 11,460, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. खरे तर इतक्या काळानंतरही चौथा हिस्सा शिल्लक असतो, आणि सरासरी काढली तर ती येते सुमारे 8,270 वर्षे. ‘क्षय’ हा शब्द त्या मानाने बरा. पंचांगातली क्षयतिथी काही झिजून संपलेली नसते, तिला सूर्योदय लाभत नाही एवढेच. म्हणजे क्षीण होत जाण्यावाचूनचा क्षय मराठीला अगदीच परका नाही. काहींचे म्हणणे असे, की इतका गैरसमज होत असेल तर शब्दच बदलावा, नुसते ‘रूपांतर’ म्हणावे. मला ते पटत नाही. रूपांतर म्हटले की घट दिसत नाही, आणि दवाखान्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना रोज हिशोब करावा लागतो तो घटीचाच. शब्द राहू द्यावा, फक्त तो ढिगाला लावावा.

हा हिशोब नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला पाहायला मिळतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने उभे राहिलेले ‘कृषक’ केंद्र कोबाल्ट-60 च्या किरणांनी कांद्याला कोंब येणे थांबवते. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेले आंबे याच केंद्रातून प्रक्रिया होऊन गेले. कोबाल्टचा साठा दर वर्षी सुमारे बारा टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे तेवढीच मात्रा द्यायची तर माल किरणांसमोर जास्त वेळ ठेवावा लागतो, किंवा नव्या कोबाल्टची भर घालावी लागते. जुन्यातले जे अणू फुटले ते निकेल झाले, आणि हे निकेल स्थिर आहे, त्यापुढे त्याचे काही होत नाही. न फुटलेले कोबाल्टचे अणू त्या निकेलच्या गर्दीत जसेच्या तसे असतात, आणि पुढच्या वर्षीच्या बारा टक्क्यांत जुन्या कोबाल्टचा वाटा त्याच्या उरलेल्या अणूंच्या संख्येइतकाच पडतो, वयामुळे त्यात एका अणूचीही भर पडत नाही.